बदल्यात काही नाही

लायलचं पत्र आलं तेव्हा मेपलच्या राईतली पानं लाल होती. आता राईत गुडघाभर बर्फ साचला होता आणि ऑरिननं त्या पत्राला अजून उत्तर दिलं नव्हतं.

पत्र स्वयंपाकघरातल्या घड्याळामागं खोचलेलं होतं. सकाळी किल्ली देताना पाकिटाची कड बोटांना लागे आणि आज लिहायचंच, असं तो मनाशी म्हणे. मग कालवडींचं पाणी गोठलेलं असे, नाहीतर लाकडं आत आणायची असत, आणि दिवस त्यातच जाई. संध्याकाळी कागद घेऊन बसलं की 'प्रिय लायल' एवढं लिहून होई. पुढं काय लिहावं याचा विचार करता करता त्याला वाटे, 'प्रिय' तरी बरोबर आहे का? जास्त झाला की कमी पडला?

पत्र तसं लहान होतं. वरच्या कुरणासाठी एक बिल्डर मागं लागला आहे, शहरातल्या लोकांना शनिवार-रविवारी येऊन राहण्यासाठी तिथं घरं बांधायची म्हणतो, त्याला एप्रिलअखेर उत्तर हवं आहे. शेत आपल्या दोघांच्या नावावर आहे, तेव्हा मी एकटा काही ठरवणार नाही. आणि शेवटी एक ओळ होती, 'ऑरिन, तुला काय हवं आहे ते सांग.'

त्या ओळीशीच घोडं अडलं होतं. ऑरिननं जन्मभर शेताबरोबर गावचं वाचनालय सांभाळलं होतं. कुणाला कुठलं पुस्तक हवं असेल हे तो माणसाच्या चालीवरून ओळखी. पण त्याला स्वतःला कुणी काय हवं विचारलं, तर तो मागं वळून बघे, जणू प्रश्न मागच्या माणसाला असावा. फोनवर तर त्याची वाचाच बसे. लायल तिकडून हॅलो हॅलो करत राही आणि लाइन तुटली असं समजून फोन ठेवून देई.

लायल धाकटा भाऊ. तरुणपणीच हार्टफर्डला गेला, दातांचा डॉक्टर झाला, तिथलाच झाला. माणूस वाईट नव्हता. अर्धं शेत त्याचं असूनही त्यानं ऑरिनकडं कधी एक डॉलर मागितला नव्हता, आणि नेमकं हेच ऑरिनला जड जाई. म्हणून दर वसंतात मेपलच्या पहिल्या रसाच्या पाकाचा डबा तो लायलला न चुकता पाठवी. तेवढ्यानं फिटत नाही हे त्याला माहीत होतं. पण डबा पोस्टात टाकला की चार दिवस बरं वाटे.

घरात तो आणि त्याची भाची थेडा. बहीण गेल्यावर तिची ही मुलगी मामाला मदत करायला म्हणून आली ती राहिलीच. आता तिचेही केस पिकायला लागले होते. कालवडी ती वाढवी, कुंपणं ती दुरुस्त करी, मेपलच्या रसाचं गुऱ्हाळही तीच चालवी. कधीतरी लायलमामाचा अर्धा हिस्सा विकत घ्यायचा हे तिनं मनात धरलं होतं. शेतजमिनीच्या भावानं तो तिच्या आवाक्यात आला असता. घरांच्या भावानं तिनं त्याचं नावही काढायला नको होतं.

फेब्रुवारी सरता सरता दुपारी ऊन लागायला लागलं, तशी दोघं घसरगाडी ओढत राईत गेली. थेडा गिरमिटानं खोडाला भोक पाडी, ऑरिन त्यात तोटी ठोके आणि बादली अडकवी. हातोडी उचलताना त्याचा उजवा खांदा दुखे, म्हणून तो डाव्या हातानं ठोकी, आणि दहातला एखादा घाव तोटीऐवजी बोटावर बसे. थेडा बघत नाही असं दाखवी.

कुरणाच्या अंगाला गेल्यावर ती थांबली. ओळीनं काही झाडांना गुलाबी फिती बांधलेल्या होत्या. "मामा, मेपलला ही नवी फुलं कधी लागली?"

ऑरिनला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. पानगळीच्या सुमारास बिल्डरचे मोजणीवाले आले होते. घरं कुरणात, पण तिथवर जायला रस्ता हवा, आणि रस्ता राईतूनच जाणार. फिती बांधलेली झाडं त्या रस्त्यात येत होती. ती सगळी त्याच्या आजोबांच्या वेळची होती.

"लिहिलंस का उत्तर?"

"लिहितोय."

"पाच महिने?"

ऑरिननं तोटी हातात फिरवली. दुसऱ्यानं बांधलेली फीत सोडली तर कायद्यानं चालेल का, असं त्यानं तिला विचारलं. थेडानं त्याच्याकडं बघितलं, फीत ओढून काढली, त्याच फितीनं आपले केस मागं बांधले आणि गिरमिट खोडाला लावलं. "ठोक," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं सांगून टाकलं की तिनं जिल्ह्याच्या गावी जमिनी राखणारी जी संस्था आहे तिच्याकडं फोन केला आहे, आणि उद्या तिथल्या मिस पर्ली येणार आहेत. तुला विचारलं असतं तर तू विचार करत बसला असतास, म्हणून विचारलं नाही. ऑरिननं बटाट्यावर मीठ घातलं. घातलेलं विसरून पुन्हा घातलं.

मिस पर्ली पन्नाशीच्या, उंच, किरकोळ अंगाच्या होत्या. त्यांनी दारातच बूट काढले. एका पायमोज्याला अंगठ्याशी भोक होतं. ते बघून ऑरिनचा जीव थोडा भांड्यात पडला. टेबलावर नकाशा पसरून त्या हळूहळू सांगायला लागल्या. जमीन तुमचीच राहील. विका, वाटा, नांगरा, रस काढा. फक्त तिच्यावर घरं बांधायचा हक्क तेवढा दोघा भावांनी सोडायचा. तो संस्थेकडं येईल आणि संस्था तो कधीच वापरणार नाही.

"वापरायचाच नाही तर घेता कशाला?" ऑरिननं विचारलं.

"दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून."

"किती दिवस?"

"कायमचं."

ऑरिन खिडकीबाहेर बघायला लागला. हा शब्द त्यानं पुस्तकांतून पुष्कळ वाचला होता, पण टेबलावर बसून, कॉफी पिता पिता कुणी त्याच्यासमोर तो खरोखरीच्या अर्थानं वापरला नव्हता. आपण उद्या काय जेवणार हे ठरवताना ज्याला दोनदा विचार करावा लागतो त्यानं कायमचं काय ठरवावं?

मिस पर्ली पुढं बोलत होत्या. घरं बांधता येतील तेव्हाची जमिनीची किंमत आणि येणार नाहीत तेव्हाची किंमत, यांत जो फरक, तेवढं तुम्ही दान दिलं असं सरकार धरतं आणि तेवढ्यावरचा आयकर सोडतं. एका वर्षात सगळी सूट वापरून झाली नाही तर उरलेली पुढच्या वर्षांतही घेता येते. आणि हक्क सोडला की जमिनीची किंमत शेतीच्या भावावर येते, म्हणजे ज्याला तिथं शेतीच करायची आहे त्याला ती घेता येते. हे सांगताना त्यांनी थेडाकडं बघितलं नाही, पण थेडानं मान खाली घातली.

मग त्यांनी ऑरिनचा गेल्या वर्षीचा आयकराचा कागद बघायला मागितला. त्यानं तो आणून दिला. त्यांनी तो वाचला, परत घडी घातली आणि टेबलावर सरळ करून ठेवला. "तुम्हाला याचा," त्या शब्द शोधत म्हणाल्या, "थोडाच उपयोग होईल."

"स्पष्ट बोला की," थेडा म्हणाली. "कर माफ व्हायला आधी तो बसायला तरी हवा."

ऑरिनचे कान लाल झाले. मिस पर्लींनी घाईनं लायलबद्दल विचारलं. लायलनं या जानेवारीतच आपला दवाखाना विकला होता. त्याच्या हाती जन्मात आली नव्हती एवढी रक्कम एकाच वर्षात आली होती आणि त्यावर तसाच कर बसणार होता. हे ऐकल्यावर मिस पर्लींनी पेन्सिल खाली ठेवली. तुमच्या भावाच्या हिशेबनिसाला हे कळलं तर तो खुर्चीतून उठून उभा राहील, असं त्या म्हणाल्या. बिल्डर देतो तेवढं काही हाती येणार नाही, पण तुम्हाला वाटतं तेवढं नुकसानही होणार नाही. फक्त सही दोघांची लागेल, आणि ती तुमच्या भावानं राजीखुशीनं करायला हवी.

त्या गेल्यावर ऑरिन जळण आणायला म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ आलाच नाही. थेडा बघायला गेली तर तो लाकडांच्या थप्पीपाशी नुसता उभा होता. ज्यानं मिसरूड फुटल्यापासून एक बादली उचलली नाही त्याला सूट, आणि ज्याचा खांदा गेला त्याचा उपयोग थोडाच, असं काहीतरी तो तुटक तुटक बोलला.

"मिळू दे की," थेडा म्हणाली. "मिळतंय म्हणून तर तो ऐकेल. तुझ्या खिशातून जातंय का?"

"नाही."

"मग दुखतंय काय?"

ऑरिन लाकडं काखेत घ्यायला लागला. सूट लायलला मिळते याचं त्याला खरोखर फारसं काही नव्हतं. लायलकडं मागायचं आहे, आणि मागून मग त्याला काय द्यायचं, हे दुखत होतं.

आठवडाभर हे त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. मग रस सुटला. रात्री कडक थंडी, दिवसा ऊन, आणि बादल्या अर्ध्या दिवसात भरायला लागल्या. पहिल्या दिवशी चुलवाण पेटवलं, काहिलीत रस ओतला, वाफेनं गुऱ्हाळाचं छप्पर दिसेनासं झालं, आणि ऑरिनला एकाएकी वाट सापडली. तो पालथ्या खोक्यावर बसला, मांडीवर जाड पुस्तक घेतलं, पुस्तकावर कागद ठेवला आणि भराभरा लिहीत सुटला. थेडानं लाकडं घालता घालता दोनदा वळून बघितलं. मामाला एवढं एका दमात लिहिताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

पत्रात त्यानं लायलला सगळं देऊन टाकलं. तू हा हक्क सोडलास तर त्याच्या बदल्यात वरच्या तळ्याकाठची शिकारीची खोली तुझी, तुझ्या मुलांचीही. दर हंगामाच्या पाकातला तिसरा हिस्सा तुझा. आईच्या निळ्या नक्षीच्या ताटल्या तुझ्या. वडिलांची बंदूक तुझी. तुझं माझ्यावर काही राहू नये एवढीच माझी इच्छा आहे. लिहून झाल्यावर त्यानं ते वाचलं आणि एकही शब्द खोडावासा वाटला नाही. मागण्याची लाज अशी कुठल्या कुठं गेली होती.

त्यांच्या भागात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारच्या क्लोविस गॅन्योंच्या घरातून घेवडा शिजवायचं तपकिरी मडकं भरून येई, आणि ऑरिनकडून ते अंडी, नाहीतर पाक, नाहीतर सफरचंदं घेऊन परत जाई. पुन्हा तिकडून भरून येई. क्लोविसची बायको गेली, ऑरिनची बहीण गेली, मडकं चालूच होतं. ते मुळात कुठल्या घरचं हे आता दोन्ही घरांत कुणाला सांगता आलं नसतं. ऑरिनला वाटे, जगात माणसामाणसांत चालतं ते हे असं. आणि पत्र लिहिताना त्यानं त्या मडक्यासारखंच ते काठोकाठ भरलं होतं.

मार्चमधल्या पहिल्या मंगळवारी गावसभा होती. गावच्या सभागृहात सगळं गाव ओल्या बुटांनी जमलं. बर्फ काढायच्या ट्रकवरून सकाळ गेली, शाळेच्या छपरावरून दुपार झाली, मग बायकांनी आणलेली भांडी उघडली आणि सगळे लांब टेबलांवर जेवायला बसले. ऑरिन नेहमीसारखा भिंतीकडेला बसला होता. समोरून क्लोविसनं त्याला गाठलं. रुंद छातीचा, लाल गालांचा म्हातारा, गावात कुणाला न सोडणारा.

"काय ऑरिन," तो टेबलभर ऐकू जाईल असा म्हणाला, "वर बंगले होणार म्हणे. मग आम्हाला हरणामागं जायचं तर फाटकावर घंटी वाजवावी लागेल. का नोकर येईल बघायला?"

टेबल हसलं. कुणीतरी म्हणालं, ऑरिन आता पोहण्याचा हौद बांधेल आणि काठाला बसून वाचेल. आणखी हसले. ऑरिनच्या हातातला काटा थांबला.

"नाही होणार," तो म्हणाला.

आवाज त्याचाच होता. तो त्यालाही नवा वाटला. क्लोविसनं भुवया वर केल्या आणि पावाचा तुकडा मोडून त्याच्या ताटात ठेवला.

त्या भरात ऑरिन उठला आणि संस्थेची माहिती द्यायला आलेल्या आणि आता कॉफीच्या भांड्यापाशी उभ्या असलेल्या मिस पर्लींकडं गेला. खिशातून पत्र काढून त्यांच्या हातात दिलं. कसं झालंय तेवढं बघा, आज टाकतो, असं म्हणाला. मिस पर्लींनी चष्मा लावला. पहिल्या पानावर त्यांनी दोनदा मान डोलावली. दुसऱ्या पानावर मान थांबली.

"याची प्रत कुणाला गेली नाही ना?"

"नाही."

"मग बरं." त्यांनी त्याला खिडकीपाशी नेलं आणि आवाज खाली घेतला. "मिस्टर ट्यूक्सबरी, तुमच्या भावानं द्यायचं आहे ते दान. दानाच्या बदल्यात काही मिळालं, मिळेल असं कुठं लिहिलेलं सापडलं, की ते दान राहत नाही. सौदा होतो. सौद्यावर सूट कापली जाते, कधी सगळीच जाते. आम्हालासुद्धा लिहून द्यावं लागतं, यांना बदल्यात काही दिलं नाही म्हणून. या पत्रानं तुम्ही त्यांचा सगळा फायदा घालवाल, आणि मग ते सही कशाला करतील?"

ऑरिनला आधी वाटलं ऐकण्यात काहीतरी चूक झाली. मग त्यानं विचारलं, पाक तर मी त्याला दरवर्षीच पाठवतो. पाठवा की, त्या म्हणाल्या, भाऊ म्हणून पाठवा, याच्याबद्दल म्हणून नको. आणि शिकारीची खोली? नको. ताटल्या? मिस पर्लींनी ओठ दाबून धरले. काहीच नको.

"म्हणजे नुसतं मागायचं."

"नुसतं मागायचं."

ऑरिननं पत्र परत घेतलं, घडी घातली, खिशात ठेवलं. दुपारच्या चर्चेला तो थांबला नाही. घरापर्यंत चालत आला आणि वाटेत कुणी हाक मारली तर त्याला ऐकू आली नाही.

त्यानंतरचे दिवस रसाचे होते. बादल्या राईतून आणायच्या, हौदात ओतायच्या, काहिलीत सोडायच्या, लाकडं घालायची, मळी काढायची. बर्फ ओला झाला होता आणि पाय मांडीपर्यंत रुते. बादली सांडू नये म्हणून ऑरिन आधी गुडघ्यावर बसे, बादली पुढं ठेवी, मग स्वतःला उपसून काढी. त्याची पाठ संध्याकाळी सरळ होत नसे. पण मधल्या वेळात तो खोक्यावर बसून लिही. लिहिलेलं वाचून बघे, आणि कागद चुलवाणात टाके.

देणं काही त्याच्या हातून सुटत नव्हतं. एका पत्रात त्यानं लिहिलं की तुझा हा उपकार मी विसरेन असं समजू नकोस. ते चुलवाणात गेलं. दुसऱ्यात लिहिलं की तू उन्हाळ्यात ये, हवे तेवढे दिवस राहा, तळ्यावरची खोली मोकळीच आहे. तेही गेलं. तिसऱ्यात नुसती हवा, रस आणि कालवडी होत्या, मागणंच नव्हतं. थेडा म्हणाली, यंदा जळण कमी लागतंय.

एका दुपारी तो असाच मान खाली घालून बसला होता. शेवटच्या काहिलीतला पाक उतरायला आला होता. फेस वर आला की त्यात लोण्याचा खडा टाकायचा, हे काम त्याचं होतं, आणि लोण्याची वाटी त्याच्या पायाशी होती. थेडा हौदापाशी होती. फेस चढला, काठाला आला, काठावरून तापल्या लोखंडावर सांडला आणि जळक्या गोडाचा वास घुमला. थेडा धावत आली, एका हातानं वाटी उचलली, लोणी टाकलं आणि दुसऱ्या हातानं, गार रस आत सोडणारी काहिलीची फळी वर ओढली. फेस बसला. पाक वाचला. पण तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत लाल पट्टा उठला होता.

ती बाहेर जाऊन हात बर्फात खुपसून बसली. ऑरिन तिच्यापाशी उभा राहिला. त्यानं आपला मफलर काढला, गुंडाळायला गेला, तिनं तो बाजूला केला.

"कागद दाखव," ती म्हणाली.

त्यानं दिला. तिनं तो डाव्या हातात धरून वाचला. "लायलमामानं काय विचारलं होतं?"

"काय हवंय ते."

"आणि तू काय लिहिलंयस? त्याला काय मिळेल, त्याला काय वाटेल, त्याला काय गैरसोय होईल. मामा, त्यानं तुझ्याबद्दल विचारलं होतं रे."

ऑरिन म्हणाला, "हे शेत तुला मिळावं."

"ते मला हवंय. मला हवंय ते मी मागेन त्याच्याकडं, माझ्या पैशानं. तुला काय हवंय?"

गुऱ्हाळाच्या दारातून वाफ येत होती. वर, राईच्या पलीकडं, कुरणाचा पांढरा उतार दिसत होता. उन्हाळ्यात गवत कापून झालं की तो तिथं एकटाच पुस्तक घेऊन जाई. वाचणं फारसं होत नसे. बसून राही. तिथं त्याला कुणी काही विचारत नसे आणि आपण कसे दिसतो याची आठवण राहत नसे. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

"वर कुरणात गेल्यावर," तो म्हणाला, "मला कुणाचं दार दिसायला नको."

थेडानं बर्फातून हात काढला आणि त्याच्याकडं बघितलं. "हे लिही."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यानं ते तिथंच, दाराच्या चौकटीला टेकून लिहिलं.

'प्रिय लायल, तू विचारलंस मला काय हवं आहे. वरच्या कुरणात गेल्यावर मला कुणाचं दार दिसायला नको. मी आहे तोवर नको आणि नंतरही नको. त्यासाठी तुझ्या हिश्श्यातला घरं बांधायचा हक्क तू सोडावास असं मी मागतो. माझ्या हिश्श्यातला मी सोडतो आहे. याचा तुला करात काय फायदा होईल ते मिस पर्ली तुझ्या हिशेबनिसाला सांगतील. मला त्यातलं सगळं कळलं आहे असं नाही. माझ्याकडून तुला बदल्यात काही नाही. उत्तराला उशीर झाला. ऑरिन.'

त्यानं ते दोनदा वाचलं. 'काही नाही' या शब्दांपाशी त्याचा हात पेन्सिलीकडं गेला. मग त्यानं पेन्सिल थेडाच्या हातात दिली आणि पाकिटाला गोंद लावला.

सकाळी रस्ता चिखलानं भरला होता. वरचा थर वितळलेला, खालचा गोठलेला, आणि मधे गाडीची चाकं गिळणारा रबरबाट. चालत जाणंच शहाणपणाचं होतं. ऑरिननं लांब बूट चढवले. फळीवर पहिल्या रसाच्या पाकाचे डबे ओळीनं ठेवले होते, आणि लायलचा डबा थेडानं कागदात गुंडाळून वर पत्ताही घातला होता. त्याचा हात त्याच्यावर गेला.

"हा?" थेडानं विचारलं. तिचा हात फडक्यात बांधलेला होता.

"हा मे महिन्यात. यंदा पत्राबरोबर नको." त्यानं हात मागं घेतला. मग कपाटाखालून क्लोविसकडचं तपकिरी मडकं काढलं. ते गेल्या आठवड्यात आलं होतं, घासूनपुसून ठेवलेलं होतं. थेडा अंडी आणायला वळली.

"राहू दे," ऑरिन म्हणाला.

क्लोविस अंगणात कुऱ्हाडीला धार लावत होता. त्यानं मडकं घ्यायला नेहमीसारखे दोन्ही हात पुढं केले, वजनाच्या अंदाजानं जोर लावला, आणि मडकं हलकंच वर आलं. त्यानं झाकण उघडलं. आत बघितलं. पुन्हा बघितलं.

"विसरलास?"

"नाही. रिकामंच आणलंय."

क्लोविसनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "थेडा बरी आहे ना? कोंबड्यांना काही झालं?"

"सगळ्या बऱ्या आहेत."

"मग माझ्यावर राग आहे काय? सभेत बोललो म्हणून?"

"राग नाही. सवय करतोय," ऑरिन म्हणाला. त्याच्या कानांच्या पाळ्या पेटल्या होत्या, पण तो जागचा हलला नाही.

क्लोविस मडकं पोटाशी धरून उभा राहिला. "सवय," तो म्हणाला. मग झाकण पुन्हा बसवून, "घेवडा परवा शिजवणार आहे. तुझ्याकडं पाठवू की हेही आता बंद?"

"पाठव. मी घेईन."

गावापर्यंतच्या उतारावर त्याचा बूट दोनदा चिखलात राहिला आणि त्याला वाकून तो उपसावा लागला. पोस्टात हेस्टर एकटीच होती. गावातल्या प्रत्येकाचं टपाल तिला तोंडपाठ होतं. तिनं पाकिटावरचा पत्ता वाचला, तिकीट लावलं आणि खिडकीतून त्याच्या हातांकडं वाकून बघितलं.

"डबा कुठं आहे? लायलला या दिवसांत डबा असतो."

"या खेपेला नुसतं पत्र."

"नुसतंच?"

"हो."

तिनं पाकीट आपल्याकडं ओढलं, पण ऑरिननं ते परत मागून घेतलं. मी टाकतो, म्हणाला. दाराशेजारी भिंतीत पितळी फट होती. त्यानं पाकीट अर्धं आत घातलं आणि धरून उभा राहिला. मागं हेस्टर शिक्के मारायची थांबली होती. त्यानं बोटं सोडली. पाकीट आतल्या कापडी थैलीत, दुसऱ्या पत्रांवर पडल्याचा बारीक आवाज झाला.

त्याला सवयीनं वाटलं, अजून काहीतरी द्यायचं राहिलं. त्यानं कोटाचे दोन्ही खिसे चाचपले. खिशांत काही नव्हतं. मग तो टोपी घालून बाहेर पडला, आणि जाताना हेस्टरला रामराम करायचाही राहून गेला.